मोकळ्या मैदानावरचा अरब सिनेमा

अरब सिनेमाचा उघड्यावरचा सामुदायिक खेळ म्हणजे अरबी भाषक देशांत तयार झालेला चित्रपट वस्तीतल्या लोकांनी मैदानात, शाळेच्या पटांगणात किंवा गल्लीत पडदा बांधून एकत्र पाहणे. अरब लीगचे २२ सदस्य देश पश्चिमेला मोरोक्को-मॉरिटानियापासून पूर्वेला ओमानपर्यंत पसरलेले आहेत. इराण त्यांत येत नाही. चित्रपट महोत्सवांमुळे अब्बास किआरोस्तामी, माजिद मजिदी ही नावे मराठी रसिकांच्या ओळखीची झाली, पण हे दिग्दर्शक इराणी आणि त्यांच्या चित्रपटांची भाषा फारसी. इजिप्त, अल्जीरिया, ट्युनिशिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन, सीरिया, जॉर्डन, सुदान यांचा सिनेमा वेगळा आहे आणि भारतात तो फार कमी पाहिला गेला आहे.

आपल्याकडच्या प्रेक्षकाने पडद्यावर पाहिलेले अरब जग बराच काळ मुंबईतच तयार होत होते. होमी वाडिया यांचे ‘अलादीन और जादुई चिराग’ (१९५२), ‘अलीबाबा और ४० चोर’ (१९५४) आणि ‘हातिमताई’ (१९५६) हे चित्रपट लोकांनी मनापासून पाहिले. त्यांत जिन्न होते, राजवाडे होते, तलवारी होत्या. त्याच काळात कैरोच्या स्टुडिओंमध्ये कारकून, हमाल, शेतकरी आणि भाडेकरू यांच्या गोष्टी चित्रित होत होत्या, आणि त्या इथपर्यंत पोहोचतच नव्हत्या. भारतात अरब चित्रपटांना पद्धतशीर जागा मिळाली ती बरीच उशिरा. अरुणा वासुदेव यांनी १९९९ मध्ये दिल्लीत आशियाई चित्रपटांचा महोत्सव सुरू केला. तो पुढे मुंबईच्या ओसियान संस्थेने चालवायला घेतला आणि काही वर्षांनी त्याच्या नावातच ‘आशियाई व अरब सिनेमा’ असा उल्लेख आला. महोत्सव मात्र सभागृहातला होता. उघड्यावरच्या पडद्याची परंपरा निराळी आहे, आणि ती महाराष्ट्रात व अरब देशांत जवळजवळ एकाच वेळी रुजली.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलेक्झांड्रियातही ल्युमिएंचाच खेळ झाला. दोन्हीकडे सिनेमा आधी आला, सिनेमागृहे नंतर आली. मधल्या काळात तंबू आणि मोकळी जागा हाच आधार होता. मुंबईचे अब्दुलअली युसूफअली यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आग्नेय आशियात आणि नंतर भारतभर तंबू घेऊन खेळ केले. सुमारे १०० फूट लांब, ५० फूट रुंद अशा त्या तंबूत हजारभर माणसे बसत. हेच अब्दुलअली पुढे अर्देशिर इराणी यांचे भागीदार झाले, आणि १९३१ मध्ये ‘आलम आरा’ त्यांच्याच मॅजेस्टिक थिएटरात लागला.

शहरांत पक्की थिएटरे उभी राहिली तरी गावोगाव तंबूचा सिनेमा टिकून राहिला. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की ट्रकमध्ये प्रोजेक्टर, रिळांचे डबे आणि तंबूचे कापड भरून टुरिंग टॉकीज निघत. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा किंवा पालीच्या खंडोबाची यात्रा म्हटली की तंबूतला सिनेमा हमखास ठरलेला. छायाचित्रकार अमित मधेशिया यांनी या तंबूंतल्या प्रेक्षकांचे चेहरे टिपले. शर्ली अब्राहम यांच्यासह त्यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ च्या कान महोत्सवात गौरवला गेला. त्यात शेवटच्या काही टुरिंग टॉकीजची धडपड दिसते. रिळे छापणे बंद होते, जुना प्रोजेक्टर भंगारात जातो आणि त्याच्या जागी डिजिटल यंत्र येते.

मुंबई-ठाण्याच्या चाळींत आणि कामगार वसाहतींत याच परंपरेने आणखी साधे रूप घेतले. गणेशोत्सवात मंडळाचे कार्यकर्ते रस्त्यावर दोन खांबांना पांढरे कापड बांधत. १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर भाड्याने येई. वाहतूक बंद आणि लोक सतरंज्या अंथरून बसलेले. पुढे जागा मिळाली नाही तर पडद्याच्या मागे बसायचे. तिथे अक्षरे उलटी दिसत आणि नायक डाव्या हाताने तलवार चालवी, पण गोष्ट समजायला काही अडचण येत नसे. रीळ बदलताना दिवा लागला की पोरांच्या हाताच्या सावल्या पडद्यावर नाचत. १९८० च्या दशकात व्हिडिओ आला आणि रस्त्यावरचा पडदा हळूहळू गेला.

अरब शहरांत उघड्यावरच्या सिनेमाला पक्के स्वरूप होते. कैरो, अलेक्झांड्रिया, बगदाद, दमास्कस इथे उन्हाळी सिनेमागृहे असत. चार भिंती, खुर्च्यांच्या रांगा, वर आकाश. दिवसा तापलेले शहर रात्री गार झाले की सहकुटुंब मंडळी तिथे येत. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर फ्रेंच चित्रपटकार रने व्होतिए आणि त्यांच्या अल्जीरियन सहकाऱ्यांनी ‘सिने-पॉप’ ही चळवळ चालवली. गाडीत प्रोजेक्टर घालून वस्त्या-वस्त्यांत जायचे, चित्रपट दाखवायचा आणि नंतर लोकांना बोलते करायचे. चित्रपटानंतरची चर्चा हा त्यांच्या दृष्टीने खेळाचाच भाग होता. याच देशाच्या मोहम्मद लखदार-हमिना यांना १९७५ मध्ये ‘आगीच्या वर्षांची बखर’ या चित्रपटासाठी कानचे सर्वोच्च पारितोषिक, पाल्म द’ओर, मिळाले. अरब दिग्दर्शकाला त्या काळी मिळालेला तो फार मोठा मान होता.

सुदानची हकिगत यापेक्षा कठीण आहे. तिथल्या काही चित्रपटकारांनी एप्रिल १९८९ मध्ये ‘सुदानीज फिल्म ग्रुप’ ही संस्था स्थापली. त्यानंतर दोनच महिन्यांनी लष्करी उठाव झाला. सिनेमागृहे एकामागून एक बंद पडली आणि चित्रपटनिर्मितीही थांबली. परदेशांत सिनेमा शिकून आलेल्या या लोकांना पुढे अनेक वर्षे चित्रपट करता आले नाहीत. त्यांच्यापैकी चौघांवर सुहैब गस्मेलबारी यांनी ‘टॉकिंग अबाउट ट्रीज’ (२०१९) हा माहितीपट केला. इब्राहिम शद्दाद आणि त्यांचे तीन मित्र एका जुन्या गाडीत प्रोजेक्टर आणि पडदा घालून गावांत जातात, चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ दाखवतात आणि लोक पोट धरून हसतात. तेवढ्यावर समाधान न मानता ते ओमदुरमानमधले एक बंद पडलेले, बिनछपराचे सिनेमागृह एका रात्रीपुरते तरी उघडायचे ठरवतात. त्या सिनेमागृहाचे नाव ‘क्रांती’.

या माहितीपटात सामुदायिक खेळाच्या तयारीतली प्रत्येक अडचण दिसते. खुर्च्या मोडलेल्या आहेत, भिंतीचा पडदा मळलेला आहे, यंत्र कोणाकडून आणायचे हे ठरत नाही. मैदानात खेळणाऱ्या तरुणांना गाठून ‘कोणता चित्रपट पाहायला आवडेल’ असे विचारले जाते. भोवतालच्या मशिदींची अजान नेमकी कोणत्या वेळी ध्वनी झाकून टाकेल, याचा हिशेब मांडला जातो. आणि शेवटी सरकारी परवानगी. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, तिथून तिसऱ्या कचेरीत फिरूनही ती हाती येत नाही. म्हाताऱ्या मित्रांची थट्टामस्करी मात्र अखंड चालू असते. उघड्यावर सिनेमा दाखवू पाहणाऱ्या कोणत्याही मंडळाने आधी हा माहितीपट पाहावा. व्यावहारिक मार्गदर्शन म्हणूनही त्याची किंमत मोठी आहे. बर्लिन महोत्सवात त्याला सर्वोत्तम माहितीपटाचे पारितोषिक मिळाले, शिवाय प्रेक्षकांच्या पसंतीचेही.

अरबी बोलणाऱ्या वस्तीतल्या उघड्या पडद्याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण सहारा वाळवंटात आहे. १९७५ मध्ये स्पेनने पश्चिम सहारा सोडायचे ठरवले, मोरोक्को आणि मॉरिटानिया यांनी तो ताब्यात घेतला आणि हजारो सहरावी लोक सीमा ओलांडून अल्जीरियातल्या तिंदूफजवळ निर्वासित छावण्यांत राहू लागले. छावण्यांना त्यांनी आपल्या सुटलेल्या गावांचीच नावे दिली – स्मारा, दाखला, अल-आयून, औसर्द. २००३ पासून तिथे ‘फिसहारा’ हा चित्रपट महोत्सव भरतो. सिनेमागृह नाही, म्हणून मोठ्या ट्रकच्या बाजूला पडदा लावला जातो आणि लोक वाळूवर चटया टाकून बसतात. बाहेरून आलेले चित्रपटकार छावणीतल्या कुटुंबांच्याच तंबूंत राहतात. पहिल्या पारितोषिकाचे नाव आहे ‘पांढरा उंट’. या महोत्सवातून छावणीत चित्रपट शिकवणारी शाळा उभी राहिली आणि सहरावी तरुण हसानिया या आपल्या अरबी बोलीत स्वतःचे माहितीपट करू लागले. इतरांचे चित्रपट पाहणारी वस्ती स्वतःची गोष्ट सांगू लागली, हे या खेळाचे सर्वांत मोठे फळ.

हे उदाहरण उल्हासनगरच्या वाचकाला परके वाटणार नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. नगराची महानगरपालिका झाली, तरी पत्ता आजही ‘कॅम्प नंबर’ने सांगितला जातो. शिवाय सिंधी भाषेची एक लिपी अरबी वळणाची, ५२ अक्षरांची आहे, आणि फाळणीनंतरच्या पिढीनेही ती शाळेत गिरवली. त्यामुळे या शहरात अशी वयस्कर मंडळी आहेत ज्यांना अरबी समजत नसली तरी पडद्यावरची अरबी नामावली अक्षर लावून वाचता येईल. महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांना हे सांगता येईल.

अरब जगात उघडा पडदा कधी सोयीसाठी, तर कधी नाइलाजाने आला. २०१४ च्या युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गाझाच्या शुजैया भागात मे २०१५ मध्ये पडक्या इमारतींच्या मधोमध लाल गालिचा अंथरून मानवाधिकारविषयक चित्रपटांचा महोत्सव झाला, आणि त्या गालिच्यावरून तिथले रहिवासी चालले. 

मैदानातल्या मिश्र प्रेक्षकांसाठी चित्रपट निवडणे हे सर्वांत जोखमीचे काम. मुले, म्हातारी माणसे, कामावरून परतलेले, वाटेत थबकलेले असे सगळेच समोर असतात. अतिशय संथ किंवा सतत बोलका चित्रपट इथे टिकत नाही. उल्हासनगर आणि शेजारच्या अंबरनाथ-बदलापूरसाठी पहिला चित्रपट कोणता, असे विचारले तर उत्तर निःसंशय युसुफ शाहीन यांचा ‘बाब अल-हदीद’ (१९५८). सगळी गोष्ट कैरोच्या मुख्य रेल्वे स्थानकात घडते. वर्तमानपत्रे विकणारा लंगडा किनावी, फलाटावर चोरून थंड पेये विकणारी हनूमा आणि हमालांची संघटना बांधणारा अबू सेरी ही तीन मुख्य पात्रे. किनावीची भूमिका शाहीन यांनी स्वतः केली. पोलिसाची चाहूल लागताच बादली उचलून डब्याआड पळणारी हनूमा ज्यांना ओळखीची वाटेल असे लाखो लोक रोज मध्य रेल्वेने जातात. चित्रपट आनंदी सुरू होतो आणि हळूहळू भयाण होत जातो. किनावीच्या एकतर्फी ओढीचे वेडात आणि सुऱ्यात रूपांतर होते. १९५८ मध्ये कैरोच्या प्रेक्षकांनी तो नाकारला. आज तो अरब सिनेमाच्या श्रेष्ठ कृतींत गणला जातो. शेवट हिंसक असल्याने लहान मुलांच्या पालकांना आधी कल्पना देणे बरे.

शाहीन यांचाच ‘अल-अर्द’, म्हणजे ‘जमीन’ (१९६९), शेतकऱ्यांचा चित्रपट. १९३० च्या दशकातले इजिप्तमधले एक गाव. कालव्याच्या पाण्याची पाळी दहा दिवसांवरून पाचावर आणली जाते, आणि जमीनदाराच्या वाड्याकडे जाणारा रस्ता शेतांतून काढायचे ठरते. अबू सुवेलिम हा म्हातारा शेतकरी अखेरपर्यंत हटत नाही. शेवटी त्याला दोरीने बांधून घोड्यामागे फरफटत नेतात आणि त्याची बोटे कापसाच्या शेतातली माती घट्ट धरत जातात. पाण्याची पाळी, पाटकरी आणि रस्त्यासाठी गेलेली जमीन यांवर मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

मुलांसाठी ‘वज्दा’ (२०१२) आहे. रियाधमधल्या दहा वर्षांच्या मुलीला दुकानात पाहिलेली हिरवी सायकल हवी असते. मुलींनी सायकल चालवायची नाही, म्हणून घरून ती मिळत नाही आणि पैसे जमवायला ती शाळेतल्या कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते. दिग्दर्शक हैफा अल-मन्सूर यांना बाई म्हणून रस्त्यावर पुरुषांच्या तुकडीबरोबर उघडपणे काम करता येत नव्हते. त्यांनी गाडीत बसून, वॉकी-टॉकीवरून सूचना देत कितीतरी दृश्ये चित्रित केली. याखेरीज जॉर्डनचा ‘थीब’ (२०१४) आणि लेबनॉनच्या नदीन लबाकी यांचा ‘कफरनाऊम’ (२०१८) हेही गोष्टीच्या बळावर मैदान धरून ठेवतील असे आहेत.

भाषेचा प्रश्न थोडा अवघड आहे. या चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षके मिळतात, मराठी मिळत नाहीत. दीड तासाच्या चित्रपटात संवादांच्या हजाराच्या आसपास ओळी असतात. इंग्रजी उपशीर्षकांची वेळ लावलेली मजकुराची फाइल मिळाली तर तीच समोर ठेवून दोन-तीन जाणकारांना मराठी ओळी भरता येतात. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी आणि त्याही आखूड असाव्यात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मूकपटांच्या जमान्यातला मार्ग आजही चालतो. त्या काळी पडद्याशेजारी उभा राहून निवेदक गोष्ट सांगे आणि पेटी-तबल्याची साथ असे. सुरुवातीला पाच मिनिटांत पात्रांची ओळख आणि मध्ये एक-दोनदा थोडे निवेदन पुरते. संपूर्ण चित्रपटावर बोलत राहिले तर चित्रपटच मरतो.

जागेचा विचार हवामानापासून सुरू होतो. उल्हास नदीच्या या खोऱ्यात जून ते सप्टेंबर उघड्यावरच्या खेळाचा भरवसा नसतो आणि ऑक्टोबरातही अवेळी पाऊस येतो, म्हणून नोव्हेंबर ते मे हाच हंगाम. अंबरनाथमध्ये १०६० सालच्या शिलालेखाच्या शिवमंदिराजवळ भरणाऱ्या कला महोत्सवाने मोकळ्या आकाशाखाली हजारो लोकांच्या कार्यक्रमाची सवय लावलेलीच आहे. गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही २०१८ मध्ये पणजीतल्या मिरामार किनाऱ्यावर आणि आल्तिनोच्या जॉगर्स पार्कमध्ये विनामूल्य उघडे खेळ झाले.

रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड पडद्यावर पडत असेल तर कितीही चांगले यंत्र फुकट जाते. तेवढे दिवे बंद करता येतात का, हे आधी पाहावे. मैदानासाठी निदान पाच हजार लुमेनचा प्रोजेक्टर हवा. पडदा वाऱ्याने शिडासारखा फुगतो, म्हणून चारही कडांना दोरी ओवून लोखंडी चौकटीला आवळतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून पाच-सहा फूट वर हवी. ती खाली राहिली तर पुढच्यांच्या डोक्यांमुळे मागच्यांना उपशीर्षके दिसत नाहीत, आणि परभाषेतल्या चित्रपटात उपशीर्षक गेले की सगळेच गेले. कर्णे पडद्याच्या दोन्ही बाजूंना, प्रेक्षकांकडे तोंड करून आणि मध्यम आवाजात ठेवावेत. रेल्वेरुळांलगतचे मैदान टाळलेले बरे. वीज गेली तर जनरेटर लागतो, आणि तो मैदानाबाहेर दूर ठेवावा लागतो.

कायद्याची बाजू टाळता येत नाही. निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क लेखी घ्यावे लागतात. घरी पाहायला घेतलेली डिस्क किंवा मोबाइलवरचे सदस्यत्व यासाठी चालत नाही. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार प्रमाणपत्र नसलेला परदेशी चित्रपट दाखवायला केंद्र सरकारची सूट लागते. उघड्या खेळाच्या परवान्याबाबत महाराष्ट्र चित्रपटगृह नियमन कायदा लागू होतो. मैदानासाठी उल्हासनगरात महानगरपालिकेची, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर इथे नगरपरिषदेची आणि सगळीकडे पोलिसांची परवानगी हवी. हे सगळे नव्याने करण्यापेक्षा फिल्म सोसायटीशी जोडून घेणे सोपे. सत्यजित राय ज्याचे संस्थापक-अध्यक्ष होते तो फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ पासून आहे आणि मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून परदेशी चित्रपट आणून दाखवत आले आहे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर कर्णा लावता येत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पावणेसातला पडद्यावरचे चित्र स्पष्ट दिसू लागते. सव्वा तासाचा ‘बाब अल-हदीद’ आठच्या सुमारास संपतो आणि चर्चेला भरपूर वेळ उरतो. मे महिन्यात मात्र साडेसातच्या आधी सुरुवात करता येत नाही. सव्वादोन तासांचा ‘अल-अर्द’ तेव्हा लावला तर तो पावणेदहाला संपेल आणि लोक काही न बोलता घरी जातील. म्हणून तो चित्रपट हिवाळ्यासाठीच राखून ठेवावा.